मदत हवी आहे: मोनोब्लॉक जोडीतल्या एकाच अ‍ॅम्पचा बायस तापल्यावर चढतोय, वर घूं आवाज

मंडळी, ट्यूब अ‍ॅम्प उघडून बघणारं कुणी इथे असेल तर जरा मार्गदर्शन करा.

सेकंडहँड घेतलेली मोनोब्लॉकची जोडी आहे, म्हणजे प्रत्येक स्पीकरला वेगळा अ‍ॅम्प. प्रत्येकात पुशपुलमध्ये (सिग्नलचे दोन अर्धे वाटून घेणाऱ्या) दोन केटी८८ पॉवर ट्यूब, अल्ट्रालिनियर जोडणी, फिक्स्ड बायस (ग्रिडला वेगळं निगेटिव्ह व्होल्टेज), रेक्टिफायर डायोडचा. बी प्लस, म्हणजे ट्यूबना मिळणारा मुख्य डीसी, साधारण ४९० व्होल्ट. डावा ब्लॉक एकदम गुणी, कितीही वेळ चालवा तक्रार नाही. उजवा मात्र पहिला अर्धा-पाऊण तास सुरेख वाजतो आणि मग हळूहळू स्पीकरमधून घूंऽऽ यायला लागतं, गाणं चालू असताना कळत नाही पण दोन गाण्यांच्या मधे स्पष्ट ऐकू येतं आणि एकदा ऐकू आलं की मग तेच ऐकत बसतो आपण.

बायस (सिग्नल नसतानाही ट्यूबमधून वाहणारा करंट) मोजायला प्रत्येक ट्यूबच्या कॅथोडला १० ओहमचा रेझिस्टर आहे. मॅन्युअल म्हणतं तिथे ०.४५ व्होल्ट ठेवा, म्हणजे ४५ मिलिअँपिअर. सुरुवातीला दोन्ही ट्यूब बरोब्बर लावतो. तासाभराने एक जागच्या जागी, दुसरी ०.७० च्या आसपास. काल खोलीतला दिवा बंद होता म्हणून दिसलं, त्या दुसऱ्या ट्यूबच्या प्लेटवर शिवणीच्या बाजूला मंद लालसर पट्टा होता, फिलामेंटचा नेहमीचा नारिंगी नाही, वेगळाच. लगेच बंद केलं.

ज्यांच्याकडून घेतली ते म्हणतात ट्यूब गेली, नवीन मॅच्ड जोडी टाका. टाकू का? चांगल्या केटी८८ काही स्वस्त नसतात. आणि घूं आवाज ही दुसरी भानगड आहे की हीच?

प्रतिसाद

आधी तो ब्लॉक चालवणं थांबवा. ०.७० म्हणजे ७० मिलिअँपिअर, गुणिले ४९० केलं की ३४ वॅटच्या पुढे जातं. केटी८८ ची डिझाइन मर्यादा ३५ वॅट आहे. प्लेट लाल व्हायला लागली ते उगाच नाही.

आवाज आणि बायस एकच भानगड असणार. पुशपुलमध्ये दोन्ही ट्यूबचा करंट सारखा असला की पॉवर सप्लायचा रिपल (डीसीवर उरलेली मेन्सची लहर) आउटपुट ट्रान्सफॉर्मरमध्ये एकमेकांना खोडून काढतो. एकीचा ४५ आणि दुसरीचा ७० झाला की तो खोडला जात नाही, वर कोअरमधून डीसी जातो आणि बेसची वाट लागते ती वेगळीच. आवाज मेन्सच्या दुप्पट फ्रिक्वेन्सीचा आहे का बघा, ५० ला १०० किंवा ६० ला १२०. ग्राउंड लूपचा (दोन उपकरणांच्या अर्थिंगमधून फिरणाऱ्या करंटचा) घूं बहुतेक वेळा मेन्सच्याच फ्रिक्वेन्सीचा असतो आणि तो तासभर थांबून येत नाही, चालू केल्या केल्या हजर असतो.

प्रतिसाद

माझ्या मते सरळ ट्यूब बदला, एवढा विचार कशाला. नाहीतरी सेकंडहँडमधल्या ट्यूब किती वाजल्यात कुणाला माहीत.

प्रतिसाद

वरच्यांशी असहमत. कारण न शोधता ट्यूब टाकणं म्हणजे ताप उतरत नाही म्हणून थर्मामीटर बदलणं. नवीन ट्यूबही त्याच सॉकेटमध्ये लाल झाली तर?

फुकटातली टेस्ट करा. दोन्ही केटी८८ ची अदलाबदल करा, बायस परत लावा आणि थांबा. लाल होणारी ट्यूब नव्या जागीही चढली तर ती ट्यूबच खराब, आत गॅस झाला असेल तर ग्रिडचा (ट्यूबचा करंट आवरणाऱ्या जाळीचा) करंट वाढून अगदी असंच होतं. पण चढणारा करंट जुन्याच सॉकेटला राहिला तर ट्यूब निर्दोष आहे, दोष त्या सॉकेटच्या मागे. तसं निघालं तर माझा संशय कपलिंग कपॅसिटरवर, म्हणजे आधीच्या ड्रायव्हर ट्यूबचा सिग्नल पुढे सोडून तिचा डीसी अडवणाऱ्या कपॅसिटरवर. तुमच्याकडे दुसरा सेम टु सेम निरोगी ब्लॉक आहे, स्टिरिओ अ‍ॅम्पवाल्यांना एवढं सुख नसतं. आकडा खरा की खोटा कळेना झालं की डाव्यात त्याच पिनवर मोजा, झालं.

टेस्ट करताना स्पीकर जोडलेलाच ठेवा. ट्यूब अ‍ॅम्प लोडशिवाय चालवून सिग्नल दिला तर आउटपुट ट्रान्सफॉर्मर जाऊ शकतो.

धागाकर्ता

अदलाबदल केली. तासाभरात जुनंच सॉकेट परत ०.६८ ला, आणि आता तिथे दुसरी ट्यूब आहे! म्हणजे ट्यूब सुटल्या. आवाजही फोनवरच्या अ‍ॅपमध्ये बघितला, दुप्पट फ्रिक्वेन्सीवरच उंच सुळका. आता कपॅसिटर कसा तपासायचा ते सांगा.

प्रतिसाद

मल्टिमीटर पुरतो. पण आधी नीट ऐका, आत ४९० व्होल्ट आहेत आणि बंद केल्यावरही फिल्टर कपॅसिटरमध्ये राहतात. ते रिकामे करणारा ब्लीडर रेझिस्टर असेलही, त्याच्या भरवशावर राहू नका, मीटर लावून शून्याजवळ आल्याचं बघा. मीटरची काळी वायर क्लिपने चॅसिसला लावून टाका आणि लाल एका हाताने, दुसरा हात खिशात. याची सवय नसेल तर जाणकार माणूस शेजारी बसवा, यात कमीपणा नाही.

आता मोजमाप. अ‍ॅम्प नेहमीसारखा तापू द्या, बंद करा, फक्त संशयित सॉकेटमधली ट्यूब फडक्याने धरून काढा. दोन्ही काढू नका, लोड गेला की बी प्लस चढतो. परत चालू करून रिकाम्या सॉकेटच्या पिन ५ वर, म्हणजे कंट्रोल ग्रिडवर, व्होल्टेज बघा. ट्यूबच नाही त्यामुळे तिथे निव्वळ बायसचं निगेटिव्ह व्होल्टेज असायला हवं आणि ते हलता कामा नये. कमी निगेटिव्ह होत चाललं असेल तर ड्रायव्हरच्या प्लेटवरचा डीसी कपॅसिटरमधून झिरपतोय.

धागाकर्ता

मिळालं बहुतेक! गार असताना मोजलं तर −५१, तापल्यावर −४६.५. शेजारच्या सॉकेटला आणि डाव्या ब्लॉकला गार काय गरम काय, −५१ च. पण फक्त साडेचार व्होल्टने एवढं होतं?

प्रतिसाद

होतं. या करंटला केटी८८ दर व्होल्टमागे पाच-सहा मिलिअँपिअर हलवते, साडेचार व्होल्टला पंचवीसेक. ४५ अधिक २५, तुमचा ७० चा आकडा तंतोतंत. ग्रिड रेझिस्टर २२० किलोओहमचा असेल तर गळती जेमतेम २० मायक्रोअँपिअरची निघते, साध्या मीटरच्या ओहम रेंजवर असला कपॅसिटर चक्क चांगला दाखवेल.

कॅथोड बायसवाल्या अ‍ॅम्पमध्ये हे एवढं चढलं नसतं, करंट वाढला की कॅथोड वर जातो आणि ट्यूब स्वतःलाच आवरते. १९५३ चा क्वाड टू हा मोनोब्लॉक तसाच, त्यात बायस लावायचा पॉटच (फिरवायचा रेझिस्टर) नाही. फिक्स्ड बायसमध्ये पॉवर जास्त मिळते पण लक्ष तुम्हाला ठेवावं लागतं. मरांझने १९६० च्या मॉडेल ९ मध्ये पुढच्या पॅनेलवर बायसचा मीटर दिला तो काय शोभेला नव्हता.

धागाकर्ता

कपॅसिटर ०.२२ मायक्रोफॅरडचा आहे, जुना पेपर इन ऑइल. माझ्याकडे ४०० व्होल्टचे पॉलिप्रॉपिलीन पडून आहेत, चालतील? चालू असताना ड्रायव्हरच्या प्लेटवर २३० च्या आसपास आहेत. आणि व्हॅल्यू वाढवली तर बेस सुधारतो असं वाचलं होतं.

प्रतिसाद

नाही चालणार. २३० आणि ५१ मिळून २८० होतात हे खरं, पण तुमचा रेक्टिफायर डायोडचा आहे. स्विच दाबल्यावर ट्यूब तापेपर्यंत ड्रायव्हर करंट ओढत नाही, तेवढा वेळ प्लेटवर जवळपास पूर्ण बी प्लस असतो. ४९० अधिक ५१, शिवाय लोड नसल्याने थोडा वरच. ६३० व्होल्टचेच घ्या.

व्हॅल्यू तीच ठेवा. ०.२२ आणि २२० किलोओहमला कटऑफ (ज्याखाली बेस घटायला लागतो) सव्वातीन हर्ट्झच्या आसपास येतो, आणखी खाली जाऊन काय ऐकणार? उलट फीडबॅक लूप डिझाइन करताना ती व्हॅल्यू धरलेली असते. त्या ब्लॉकमधले दोन्ही बदला, एकाच वयाचे आहेत. चांदीच्या पत्र्याचे वगैरे महागडे कपॅसिटर सुचवणारे आता धाग्यावर येतीलच, तो शौक नंतर करा.

धागाकर्ता

दोन्ही बदलले. संध्याकाळभर चालवला, दोन्ही सॉकेट ०.४५ ला आणि घूं पूर्ण गायब. त्याच जुन्या ट्यूब. सर्वांचे आभार. डाव्यातलेही आत्ताच बदलून टाकू का?

प्रतिसाद

डाव्याची ग्रिड तापल्यावरही −५१ ला असेल तर हात लावू नका. महिन्यातून एकदा पूर्ण तापल्यावर बायस बघत जा, त्यात फरक दिसला की कपॅसिटर.