माजी नगरसेवक तिसऱ्यांदा मत मागायला आलेत, द्यायचं का?

घरफाळावाला:
आपल्या कोल्हापूर महापालिकेचं १५ जानेवारी २०२६ ला मतदान. आमच्या भागातले माजी, २०१५ ला दुसऱ्यांदा निवडून आलेले, परत उभे आहेत. परवा रात्री नऊला दारात आले, आईच्या पाया पडले, माझ्या खांद्यावर हात टाकून म्हणाले 'लक्ष असू दे भावा'. माणूस वाईट नाही हे आधीच सांगतो, नाहीतर लगेच सुरू व्हाल. पण मी मत देणार नाही.

कोपऱ्यावरचं ड्रेनेजचं चेंबर दर पावसाळ्यात तुंबतं. यांना फोन केला की तासाभरात तुंबलेलं मोकळं करणारी जेटिंगची गाडी, आणि हे स्वतः लुंगी वर खोचून तिथं उभे, गल्ली खूश, कुणीतरी चहा आणतं. पाच वर्षांत दहा-बारा वेळा तरी गाडी आली असेल आणि खालची पाइप तीच, माझ्या आज्ज्याच्या वेळची. विचारलं तर 'बजेटला टाकलंय'. आता मला सांगा, पाइप बदलली तर आम्ही फोन कशाला करणार, आणि फोनच केला नाही तर मत कशाला देणार?

रंकाळाकाठचा:
भावा लिहिलंस भारी, पण नोव्हेंबर २०२० ला मुदत संपली आणि त्यानंतर पाच वर्षं प्रशासक होता, तेव्हा चेंबर तुंबल्यावर कुणाला फोन केलास ते पण लिही की.

घरफाळावाला:
त्यांनाच केला. 🙏 खोटं कशाला बोलू.

रंकाळाकाठचा:
मग झालं की! पद नाही, मानधन नाही, तरी माणूस फोन उचलतोय. २०१९ च्या महापुरात नगरसेवक होते म्हणून आले असं धरू. २०२१ च्या जुलैत कोण होते? माजी. तरी आमच्या नदीकडच्या गल्लीत छातीभर पाण्यात आले, आमच्या आत्तीला गुडघ्याचा त्रास, तिला खुर्चीसकट चौघांनी उचलून बाहेर काढली त्यात एक खांदा यांचा होता. नवीन पोरगं उभारलंय ते रील लई चांगली करतंय, पण चावीवाल्याचं नाव विचारा त्याला. पाणी कुठल्या चावीवरनं येतं, मुकादम कोण, कुठल्या टेबलाला फाईल अडते हे कळायलाच दोन वर्षं जातात.

उपनगरी:
फाईल कुठं अडते ते माहीत असणं आणि फाईल अडवता येणं, यात लई फरक नसतोय. 😄 ढपला, म्हंजे कामात मारलेला पैसा, हा शब्द आपल्याच गावात का रुळला जरा विचार करा. सगळे तसे न्हाईत मान्य, पण २०१५ ते २० मध्ये महापौर किती झाले मोजा, सात-आठ. महिन्यांच्या हिशेबानं पद वाटून घेतलं. एका बाईला फाईल समजेपर्यंत दुसरीची शपथ. याला अनुभव म्हणायचं?
आणि थेट पाइपलाइन. काळम्मावाडी धरणाचं पाणी जवळजवळ दहा वर्षं रखडलं आणि आलं कधी, तर २०२३ च्या दिवाळीला, सभागृहात एकही नगरसेवक नसताना.

रंकाळाकाठचा:
म्हंजे प्रशासकच बरा म्हणतोस? मग कशाला निवडणूक मागत होता सगळे?

उपनगरी:
तसं न्हाई म्हटलं. नवीन माणूस द्या म्हणतोय.

पेठेतली सूनबाई:
तुम्ही सगळे दादा दादा करालाय म्हणून मी मधी बोलतो. निम्म्या जागा बायकांच्या आहेत. आमच्याकडं गेल्या वेळी सोडतीत महिला आरक्षण पडलं तर तिथल्या दादांच्या जागी त्यांच्या बायको, आमच्या वहिनी, उभारल्या आणि निवडून पण आल्या. शिक्का त्यांचा, फोन दादांकडं. एकदा मी कचऱ्याचा कोंडाळा हलवा म्हणून सांगायला घरी गेलो, वहिनी दारातच होत्या, म्हणाल्या 'हे आले की सांगते'. अहो मी मत तुम्हाला दिलंय! तरी यावेळी वहिनी परत उभारल्या तर मी देणार, कारण मागच्या दोन वर्षांत त्या स्वतः यायला लागल्यात, कोंडाळा त्यांनीच हलवला, दादांना न विचारता. शिकायला पाच वर्षं लागली त्यांना. मग दुसऱ्या टर्मला घालवायचं कशाला?

घरफाळावाला:
हा मुद्दा पटला. पण आमचे शिकून पंधरा वर्षं झाली की ओ सूनबाई.

कट्ट्यावरचा काका:
एक सांगतो, भांडणं नंतर करा. २०१५ ला ८१ प्रभाग होते, एक मत टाकलं की सुटलो. आता ८१ जागा २० प्रभागांत बसवल्यात, म्हणजे एकेका ठिकाणी चार, एका प्रभागात पाच. चारही मतं एकाच पॅनलला टाकायची सक्ती नाही. पॅनलवाले सांगतात 'एकच चिन्ह चारदा दाबा', ते त्यांच्या सोयीचं आहे. ज्याला आवडतात त्यानं दादांना एक द्यावं आणि बाकीची डोकं वापरून द्यावीत. आमच्या प्रभागात तर एका चांगल्या माणसाच्या मागं तीन नग चढून बसलेत.

रंकाळाकाठचा:
काका बरोबर. पण चार जण निवडून आल्यावर चेंबर कुणाचं? प्रत्येकजण म्हणणार त्याच्याकडं जा. 😂

उपनगरी:
आत्ता एकाच्या नावानं शिव्या घालता येतात, पुढं चौघांच्या. बरं, त्यांचं २०१५ चं पत्रक आहे का कुणाकडं?

घरफाळावाला:
आहे. आईनं फडताळात डब्याखाली घातलं होतं, तेलाचे डाग पडलेत. पहिलं कलम 'ड्रेनेज लाइन बदलणार', तिसरं 'रोज पुरेशा दाबानं पाणी'. नवीन पत्रक शेजारी ठेवून बघितलं. ड्रेनेज आता चौथ्या नंबरवर गेलंय. फोटो मात्र तोच, २०१५ चाच.