चारचौघांत गाणाऱ्या बाप्यांनो, तुमचं गाणं आलं कुठून?

ठाण्यात आमच्या सोसायटीत फक्त बाप्यांचं भजनी मंडळ आहे, दर गुरुवारी जेवणं उरकून बसतो. परवा मध्ये चहाला थांबलो तेव्हा सहज विषय निघाला की तू गायला शिकलास कुठे, तर एकेकाची उत्तरं ऐकून मजा वाटली. एक जण म्हणे कधीच नाही, गणपतीच्या आरत्या तेवढ्या. एक जण कॉलेजात असताना बँजो पार्टीबरोबर हिंडायचा. एकाचं सगळं गाणं मामाच्या गावच्या कार्तिकातल्या काकड्याचं, पहाटे थंडीत कुडकुडत पाठ झालेलं. म्हटलं इथेही विचारू.

अट एकच, पोटापाण्यासाठी गाणारे नकोत. भजन, पोवाडा, चर्चचं क्वायर, काहीही चालेल, पण चार पुरुषांत बसून हौसेने गाणारे हवेत. माझं मत आधीच सांगून ठेवतो म्हणजे भांडायला बरं. क्लास लावून आलेल्यांपेक्षा लहानपणी मागे बसून धृपद, म्हणजे पालुपद, धरलेले मंडळात पटकन रुळतात. आमच्याकडे एक विशारद आहेत, गळा सुंदर, पण चाल सगळ्यांनी उचलायची वेळ आली की हे आपली जागा, म्हणजे हरकत, घेऊन पुढे निघून गेलेले असतात आणि टाळकरी एकमेकांची तोंडं बघतात.

नालासोपारा फास्ट

माझं गाणं लालबागचं. गाव राजापूरकडे, वडील गिरणीत साचेखात्यात. चाळीत आमच्या खोलीत शनिवारी भजन असायचं, बुवा दोन खोल्या सोडून राहायचे, पेटी त्यांची, पखवाज गावावरून आणलेला. आम्हा पोरांना गायला कोण देतंय, झांज द्यायचे हातात नाहीतर धुमेला, म्हणजे पखवाजाच्या डाव्या तोंडाला, कणीक लावायचं काम. कणीक मळायची पण पद्धत असते, सैल झाली तर आवाज बसतो आणि सुकली तर ऐन गजरात सुटून पडते, मग बुवा पेटीवरून असे बघायचे की बास. गाणं असंच ऐकून ऐकून आत गेलं, मुद्दाम कोणी शिकवलं नाही.

१८ जानेवारी १९८२ला संप सुरू झाला तो काही धड मिटलाच नाही. मंडळातले काही गावी गेले, काही विरार-बदलापूरकडे पांगले, पखवाज कोणाकडे राहिला आजपर्यंत कळलं नाही. पुढे मी नोकरीला लागलो आणि विरार लोकलच्या डब्यातल्या भजनात शिरलो. तिथे पेटी नाही, टाळ आणि डब्याचा पत्रा. भाईंदरच्या खाडीच्या पुलावर गाडी आली की असा धडधडाट होतो की आवाज दुप्पट लावल्याशिवाय शेजारच्यालाही ऐकू जात नाही. त्यामुळे आता रिटायर होऊन देवळात बसतो तर सगळे म्हणतात काका हळू. अरे बाबांनो उभी नोकरी त्या पुलावरून झाली, हळू कुठून येणार.

मध्यम पंचम

तुमच्या मंडळातला विशारद मी नव्हे, पण त्याची बाजू घेतो. गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा प्रारंभिकपासून विशारदपर्यंत दिल्यात. या सगळ्या प्रवासात माणूस एकटा गातो हो. तानपुरा आपल्या पट्टीत, पुरुषाची असते काळी एक नाहीतर पांढरी दोन, तबलजी आपल्याकडे बघून वाजवणार, श्वास आपल्या सोयीने. बारा जणांत आपला आवाज विरघळवायचा कसा, याचा पेपरच नसतो. आणि मग वारकरी मंडळात जाऊन बसावं तर मृदंगच काळी चार किंवा पाचात मिळवलेला, पहिल्या रूपाच्या अभंगालाच नसा फुगतात. जन्मभर खर्जात मेहनत केलेल्या माणसाने तिथे काय करावं?

पण धृपदवाल्यांचं एक सांगतो. पेटी नसली की मंडळ गाता गाता चढतं. लय वाढली की सूरही वर सरकतो, हरिपाठ संपेपर्यंत सा कुठल्या कुठे गेलेला असतो आणि कोणाला पत्ता नसतो कारण सगळे मिळूनच गेलेत. तेव्हा खाली कोण आणतं? तर क्लासवाला. तेव्हा तुमचं मत अर्धंच पटलं.

टाळकरी

गळा नाही. फक्त टाळ. पण तो सोडला की सगळे गवई मागे वळून बघतात.

वसईकर बेस

आमच्याकडे सगळंच वेगळं म्हणून लिहितो. वसईचे आम्ही कॅथलिक, घरात चर्चचं गाणं तीन पिढ्यांचं. आजोबा मिस्सेला लॅटिनमध्ये गायचे, अर्थ न कळता, पण अक्षर न अक्षर पाठ. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर, म्हणजे साठच्या दशकात, लोकभाषेत उपासना आली आणि वडिलांच्या पिढीने मराठीत गायला सुरुवात केली. आजोबांना शेवटपर्यंत ते पटलं नव्हतं, म्हणायचे देवाला इतकं सगळं समजून घ्यायची काय गरज.

मी बेसमध्ये, म्हणजे सगळ्यात खालच्या आवाजात. नोटेशन आमच्या क्वायरमध्ये दोघांना वाचता येतं, बाकी आम्हाला कीबोर्डवाला आपापली ओळ वाजवून व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवतो, ती कामावर जाताना कानात घालून घोकायची. बेसची ओळ एकटी ऐकली तर गाणं कुठलं तेसुद्धा ओळखता येत नाही, बायको विचारते हे काय गुणगुणता सारखं. पण माझी खरी पार्श्वभूमी म्हणाल तर लग्नाचा बँड. पोरपणी क्लॅरिनेट वाजवायचो, त्यामुळे दम भरपूर आणि मोजून श्वास घ्यायची सवय. क्वायरमध्ये नवा माणूस आला की मी आधी विचारतो बँडमध्ये होतास का, भजनवाला असेल तर अजून बरं, ताल पक्का असतो. एकट्याने गाणाऱ्याला मात्र वेळ लागतो, इथे धागाकर्त्याशी सहमत.

घुमट

गोव्यातून. आमच्याकडे मुलगा आधी घुमटावर, म्हणजे मातीच्या तालवाद्यावर, हात मारायला शिकतो, तोंड नंतर उघडतो. चतुर्थीला घरोघर घुमट आरत्या, घुमट, काठीने वाजवायचं शामेळ आणि कांसाळें म्हणजे झांजा, आणि आरती म्हणजे पाच मिनिटांत उरकायचं काम नव्हे, एकेक आरती लय बदलत बदलत अशी चढत जाते की बाहेरचा माणूस घड्याळ बघायला लागतो. मातीच्या घुमटावर पूर्वी घोरपडीचं कातडं असायचं, आता बंदी आहे, बकऱ्याचं चढवतात. जुने लोक म्हणतात तो आवाज गेला. मला तरी बकऱ्याचाच माहीत. २०१९ साली सरकारने घुमटाला राज्याचं वारसा वाद्य म्हणून मान दिला, त्यानंतर शाळांतून पोरं वाढलीत हे खरं.

गाणं मराठी, बोलणं कोंकणी, त्याचं आम्हाला कधी काही वाटलं नाही. श्रावणात वास्कोला दामोदर सप्ताहाला चोवीस तास अखंड भजन असतं, तिथे पहाटे तीन-साडेतीनची पाळी मिळाली की कळतं कोणाचा गळा कसा कमावलाय. त्या वेळेला शिकलेला न शिकलेला सगळे सारखेच बसलेले असतात.

खोऱ्यातला डॉक्टर

मी मूळचा मिरजेचा, आता बरीच वर्षं ब्रिटनमधल्या साऊथ वेल्समध्ये. नालासोपारा यांचं वाचून राहवलं नाही. इथे खाणकामगारांचा मोठा संप १९८४-८५ला झाला, त्यानंतर एकेक करत कोळशाच्या खाणी बंद पडल्या, पण पुरुषांची क्वायर मात्र बऱ्याच गावांत टिकली. आमच्या गावातल्या क्वायरमध्ये मला एका पेशंटनेच ओढला. टेस्ट म्हणजे काय, पियानोवर एक स्केल गायला लावली आणि म्हणाले सेकंड टेनर, तिकडे बस.

चार भाग असतात, टॉप टेनर, सेकंड टेनर, बॅरिटोन आणि बेस. मी घरच्या भजनातला, बुवा म्हणतील ते सगळ्यांनी एकाच सुरात म्हणायचं एवढंच रक्तात, इथे चाल शेजारचा गातोय आणि मी ओळभर एकाच सुरावर बसून आहे, जीभ सारखी त्याच्या चालीकडे ओढ घेते. वाचवलं कोणी तर सोल्फाने, म्हणजे सूर डो रे मी च्या अक्षरांत लिहायच्या पद्धतीने. एकोणिसाव्या शतकात जॉन कर्वेन नावाच्या इंग्रज पाद्र्याने ही पद्धत पसरवली आणि वेल्सच्या चॅपेलांनी ती उचलून धरली, खाणीतल्या माणसांना रेघांवरचं नोटेशन येत नसलं तरी सोल्फा फाडफाड वाचता यायचा. त्यात डो ची जागा पक्की नाही, गाण्याची पट्टी बदलली की डो सरकतो. म्हणजे आपला सा च झाला की! मी माझ्या कॉपीत त्या अक्षरांवर पेन्सिलने सा रे ग म लिहायला लागलो. शेजारी एक रिटायर्ड खाणकामगार बसतात, त्यांनी चष्मा कपाळावर चढवून ते नीट निरखलं आणि पुढच्या तालमीला चॅपेलमधलं आपल्या वडिलांचं स्तोत्रांचं पुस्तक घेऊन आले, सगळं सोल्फात छापलेलं. मी त्यातून वाचून दाखवलं तर डोळे मोठे, म्हणाले आमच्या नातवाला येत नाही हे.

बाकी मंडळी म्हणजे कोणी ब्रास बँडमधला, कोणी रग्बी क्लबच्या बसमध्ये ओरडून तयार झालेला, एक शाळामास्तर सोडले तर रीतसर शिकलेलं कोणी नाही. तरुण येत नाहीत ही रड इथेही आहेच.

झीलकरी

पोवाड्यात शाहिराच्या मागे उभं राहून जी जी करणारे आम्ही. लोकांना वाटतं सोपं आहे. शाहीर गोष्टीत रंगला की लय कुठेही नेतो, झील नेमकी उचलायची तर त्याचा खांदा बघावा लागतो, गळा नाही. त्यानंतर कुठल्याही मंडळात अडलो नाही.

जात्यावरची

बाप्यांच्या धाग्यात लिहितेय, चालवून घ्या. माझे वडील आयुष्यभर भजनी मंडळात, विचारलं की सांगणार गाणं बुवांकडून आलं. गेल्या वर्षी आत्या आली होती, ती कांदे निवडता निवडता जात्यावरची ओवी म्हणायला लागली आणि मी दचकलेच, ती तर वडिलांच्या मंडळातल्या एका गवळणीची चाल, जशीच्या तशी! वडिलांना ऐकवलं तर म्हणतात हो, आई म्हणायची पहाटे दळताना. मग आजवर बुवांचं नाव का घेत होतात? तर म्हणे बुवांनी पेटीवर बसवली ना. वरती सगळ्यांनी मामा, आजोबा, बुवा, बँड लिहिलंय, एकानेही आई लिहिलेलं नाही, तेवढं एकदा बघा.

धागाकर्ता

बघितलं ताई. गुरुवारी मंडळात विचारतो, यादी बदलेल असं वाटतंय.

मध्यम पंचम, तुमचा प्रतिसाद आमच्या विशारदांना वाचून दाखवला, ते फार खूश आहेत आणि तेव्हापासून पट्टी अर्ध्या सुराने खाली आणायची मागणी धरून बसलेत, मृदंगवाले तयार नाहीत. डॉक्टर, त्या सोल्फाच्या पानाचा फोटो टाका जमलं तर. आणि नालासोपारा काका, धुमेला कणीक गव्हाचीच की मैद्याची चालते? आमच्यात यावरून दोन तट पडलेत.

नालासोपारा फास्ट

गव्हाची. मैदा चिकट होतो. आणि आयत्या वेळी मळू नका, आधी मळून ओल्या फडक्यात ठेवा.