नटांसोबत घडवलेली पटकथा नक्की कुणाची?

कोरं पान: तालमीत नटांकडून संवाद काढून घ्यायचे आणि 'लेखन'पुढे एकट्या दिग्दर्शकाचं नाव लावायचं, हे मला पटत नाही. ब्रिटिश दिग्दर्शक माईक ली महिनोन्‌महिने नटांसोबत तालमी करतात, पात्रं तिथेच घडतात. तरी 'सीक्रेट्स अँड लाइज'साठी (१९९६) पटकथेचं ऑस्कर नामांकन एकट्या लींना!

विंगेतून: बोलणं म्हणजे लिहिणं नव्हे हो. त्यांचाच 'व्हेरा ड्रेक' (२००४) घ्या. बाई चोरून इतर बायकांचे गर्भपात करते, हे तिच्या घरच्यांची कामं करणाऱ्या नटांना ठाऊकच नव्हतं. तालमीत पोलीस दारात आले तेव्हा कळलं. पोलीस कधी पाठवायचे हे कुणी ठरवलं? त्यालाच पटकथा म्हणतात.

कोरं पान: आणि दार उघडल्यावर तोंडून जे निघालं ते? 'बिफोर सनराइज'च्या (१९९५) लेखकांत नटांची नावं नाहीत. पुढच्या 'बिफोर सनसेट'ला (२००४) इथन हॉक आणि ज्युली डेल्पी दिग्दर्शक लिंकलेटरच्या बरोबरीने लेखक झाले. म्हणजे देता येतं की!

विंगेतून: तुम्ही माझंच म्हणणं मांडताय. ते तिघं रीतसर लिहायला बसले होते. कॅमेऱ्यासमोर सुचेल ते बोलले, असं नाही. लिहिलं, म्हणून लेखक.

तिसरी घंटा: मी एका मराठी सिनेमाच्या तालमीत टिपणं काढायला होतो. सासूचं दोन पानी स्वगत होतं. ते काम करणाऱ्या बाई तूरडाळ निवडत बसल्या. सुनेनं विचारलं, "मी जाऊ का माहेरी?" बाईंनी एक खडा उचलून ताटाच्या कडेला ठेवला, बस्स. स्वगत तिथेच कापलं. छापील पटकथेत ती ओळ आहे: 'सासू खडा बाजूला काढते.' टाइप मी केली, लेखक म्हणून नाव दिग्दर्शकाचं. सांगा आता, कुणाची?

विंगेतून: अभिनय बाईंचा. स्वगत कापायची अक्कल दिग्दर्शकाची. (ती सगळ्यांना नसते, हे मान्य.)

कोरं पान: श्रेय राहू दे, त्या दीड-दोन महिन्यांच्या तालमीचे पैसे तरी मिळाले का त्यांना? करारात असतात ते शूटिंगचे दिवस. पटकथा मात्र त्याआधीच झालेली असते!

तिसरी घंटा: रिक्षाचे मिळाले. डाळ बाईंनी घरून आणली होती.