चितळाची शिंगं आखूड का? भिजवलेले हरभरे द्यावेत का?

दांडियाबाजारकर:
मंडळी, गेली अकरा वर्षं रोज सकाळी बडोद्याच्या कमाटीबागेत फिरतो. हरणांच्या जाळीपाशी थांबल्याशिवाय माझी फेरी पुरी होत नाही. एका चितळ नराची शिंगं गळून नवी आलीत, लव असलेली, पण शेजारच्या नराच्या निम्मीच. चहावाला म्हणतो प्रोटीन कमी पडतंय. जिमवाल्या नातवाला ते लगेच पटलं! आता घरी हरभरे भिजत घातलेत. टाकू का?

निवृत्त ढोरडॉक्टर:
काका, हरभरे उसळीलाच घाला.
चहावाला अर्धा बरोबर आहे. लवेखालचं शिंग अजून पक्कं हाड नसतं. सुक्या वजनात त्याचा ८० टक्क्यांच्या आसपास भाग प्रथिनच. पुढे कॅल्शियम-फॉस्फरस भरतं आणि प्रथिनाचा वाटा निम्म्याच्या आत येतो. एवढं कॅल्शियम रोजच्या चाऱ्यातून पुरत नाही, मग नर स्वतःच्या बरगड्यांतून उसनं काढतो. अमेरिकेतल्या पांढऱ्या शेपटीच्या हरणांना कमी प्रथिनाचा चारा दिला तेव्हा शिंगं बारीक आली. तिकडे १६ टक्के प्रथिन शिंगांना पुरतं असं धरतात. आपला रजको (लसूणघास) सुका धरला तर १८-२० टक्के भरतो, ज्वारीचा कडबा जेमतेम चार-पाच. गरजेपुरतं मिळाल्यावर वर कितीही ओता, शिंग वाढत नाही. तिथे वय आणि बापाचं रक्त बोलतं. पोरसवदा नराला आधी नुसते सुळकेच येतात.
आणि दाणे एकदम पोटात गेले की रवंथ करणाऱ्या जनावराच्या पोटात आम्ल होतं. लग्नघरचा उरलेला भात खाऊन मेलेल्या म्हशी मी पाहिल्यात.
तुमच्या दोघांपैकी कोणाची शिंगं आधी गळली? चितळांत सगळ्यांची एकदम गळत नाहीत.

फतेगंजची मावशी:
काळविटाचीही दरवर्षी गळतात का हो?

निवृत्त ढोरडॉक्टर:
नाही ताई. ती गाईसारखी, आतलं हाड आणि वर कायमची टोपी.

दांडियाबाजारकर:
रखवालदाराला विचारलं. मोठ्या शिंगांवाल्याची महिनाभर आधी गळली होती म्हणे! म्हणजे आमचा गडी मागे नाही, उशिरा निघालाय. उसळ झाली. सौंनी खोबरं जास्त घातलं होतं.