राजीनामा द्यायचा आहे, पण नवी नोकरी मालकांच्याच ग्राहक कंपनीत आहे : मदत हवी आहे

नमस्कार,

भोसरी एमआयडीसीतील एका लहान कारखान्यात मी गुणवत्ता विभाग सांभाळतो. अ‍ॅल्युमिनिअमच्या कास्टिंगवर मशीनिंग करून ती वाहन उद्योगातील मोठ्या कंपन्यांना पुरवणे हे आमचे काम. डिप्लोमानंतरची ही माझी पहिलीच नोकरी असून तिला आता सहा वर्षे पूर्ण झाली आहेत. चाकणच्या एका कंपनीने मला पुरवठादारांची गुणवत्ता पाहण्याच्या जागेसाठी निवडले आहे आणि ऑफर लेटरही मिळाले आहे. अडचण अशी की ही कंपनी आमची जुनी ग्राहक आहे. रिजेक्शन झाले की ज्यांच्यासमोर बसून मी आजवर खुलासे देत आलो, त्यांच्या बाजूने मला यापुढे बसायचे आहे, आणि समोर आमचे मालक असण्याची शक्यता आहे.

मालक स्वतः टर्नर म्हणून सुरुवात करून इथवर आलेले आहेत. बोअर गेज, म्हणजे भोकाचा आतला व्यास मोजण्याचे साधन, हातात कसे धरायचे हे मला त्यांनी शिकवले. आयएटीएफ 16949 या वाहन उद्योगाच्या गुणवत्ता मानकासाठीच्या अंतर्गत लेखापरीक्षकाचे प्रशिक्षण मी कारखान्याच्या खर्चाने घेतले, आणि त्यासाठी त्यांनी माझ्याकडून कोणताही बॉण्ड लिहून घेतला नाही. त्यामुळे नियमाने मी मोकळा असलो, तरी केवळ नियमावर बोट ठेवून निघून जाणे मला पटत नाही. सोडण्याचे कारण पगार नाही. इथे गुणवत्तेत माझ्या वरचे कोणी नाही, आणि ज्यांच्या हाताखाली शिकता येईल अशा लोकांबरोबर मला काही वर्षे काम करायचे आहे.

नियुक्तिपत्रात दोन महिन्यांची नोटीस आहे, तर नवी कंपनी एका महिन्यात रुजू व्हा म्हणते आहे. आमचे पाळत लेखापरीक्षण, म्हणजे मानकाचे प्रमाणपत्र टिकवण्यासाठीची तपासणी, जिला सगळे सर्व्हेलन्स ऑडिट म्हणतात, ते नेमके त्या दुसऱ्या महिन्यात येते. कंट्रोल प्लॅन (कुठे काय तपासायचे याचा तक्ता), पीपॅपच्या (नव्या भागाला ग्राहकाची मंजुरी घेण्याच्या) फाइली, गेज कॅलिब्रेशनचे रजिस्टर हे सर्व कागदोपत्री व्यवस्थित आहे, पण काही गोष्टी कागदावर उतरलेल्या नाहीत. उदाहरणार्थ, 60 मिलिमीटरचा बोअर (भोक) मशीनवरून उतरल्या उतरल्या मोजला, तर भाग गरम असल्यामुळे माप मोठे दिसते. अ‍ॅल्युमिनिअममध्ये दहा अंशांच्या फरकाने सुमारे 14 मायक्रॉनचा फरक पडतो, आणि आमचा टॉलरन्सच, म्हणजे मापात चालणारा फरक, 30 मायक्रॉनचा आहे. उन्हाळ्यात दुपारच्या पाळीत किती वेळ थांबून मापायचे हे मी आणि एक जुना ऑपरेटर, असे दोघेच नीट जाणतो. माझ्या हाताखालची मुलगी हुशार आहे, परंतु तिने एकही ऑडिट स्वतः दिलेले नाही.

माझे प्रश्न असे. मालकांना कोणत्या वेळी आणि कोणत्या शब्दांत सांगावे? कुठे जात आहे हे पहिल्याच भेटीत सांगावे की नको? "किती वाढवून देऊ ते सांग," असे ते नक्की म्हणतील, तेव्हा काय उत्तर द्यावे? आणि ग्रॅच्युइटीचा विषय मी काढला तर संबंधात कटुता येईल का? हिशेब वहिनी, म्हणजे मालकांच्या पत्नी, पाहतात, आणि त्यांच्याशी पैशांबद्दल बोलणे मला फार अवघड वाटते.

प्रतिसाद

मी अनेक वर्षे मनुष्यबळ विभागात काम केले आहे, त्यामुळे आधी पैशांचे सांगतो. ग्रॅच्युइटी ही बक्षिशी नाही, पाच वर्षांच्या सलग सेवेनंतर मिळणारा तो हक्क आहे. मूळ वेतन आणि महागाई भत्ता मिळून 26,000 रुपये असतील, तर 26 ने भागून 15 ने गुणायचे, म्हणजे वर्षाला 15,000. सहा वर्षांचे 90,000. सहा महिन्यांहून अधिक उरलेला काळ पूर्ण वर्ष धरतात. ही रक्कम देय झाल्यापासून 30 दिवसांत द्यायची असते. राहिलेल्या पगाराबाबत वेतन संहिता, 2019 च्या कलम 17 मध्ये राजीनाम्यानंतर दोन कामकाजाच्या दिवसांची मुदत आहे. तरीही पहिल्या भेटीत यातले काहीही काढू नका. शेवटच्या पंधरवड्यात विहित अर्ज भरून वहिनींकडे द्या आणि "एवढे कागद आपल्या फाइलला लावून ठेवा," इतकेच म्हणा. अर्ज समोर असला की मागण्याचा संकोच दोन्ही बाजूंनी कमी होतो. पीएफ काढू नका, नव्या खात्यात वर्ग करा. त्यासाठी नोकरी सोडल्याची तारीख पीएफच्या पोर्टलवर नोंदवली गेली आहे की नाही, हे मात्र न विसरता पाहा.

ग्राहकाकडे जाऊ नये असे कलम तुमच्या नियुक्तिपत्रात असले, तरी नोकरी सुटल्यानंतरची अशी बंदी भारतीय करार कायदा, 1872 च्या कलम 27 मुळे सहसा टिकत नाही. गुप्ततेचे कलम मात्र टिकते, आणि तुमच्या बाबतीत खरी नाजूक जागा तीच आहे. मालकांचे दर, त्यांचा अंतर्गत रिजेक्शनचा आकडा, कोणते काम ते बाहेरून करून घेतात, हे तुम्हाला ठाऊक आहे. रुजू होण्यापूर्वीच नव्या कंपनीला लेखी विनंती करा की किमान पहिले वर्षभर हा पुरवठादार माझ्याकडे देऊ नये. चांगली कंपनी असेल तर ही विनंती तिला आवडेलच. कुठे जात आहात हे मालकांना सांगताना त्याच श्वासात हेही सांगता आले, तर त्यांच्या मनातील निम्मी शंका तिथेच मिटेल.

प्रतिसाद

मी स्वतः नाशिकला सातपूरमध्ये छोटा कारखाना चालवतो, म्हणून टेबलाच्या त्या बाजूने लिहितो. माणूस जातो याचे वाईट वाटते, पण ते बाहेरून कळले तर ते जास्त लागते. तुम्ही ग्राहकाकडेच जात आहात. ही बातमी त्यांच्या खरेदी विभागातून फोनवर मालकांना कळायला एक दिवसही पुरेल. म्हणून कुठे जात आहात हे पहिल्याच भेटीत सांगा, आणि मालकांच्या आधी कारखान्यात कोणालाही सांगू नका, त्या हुशार मुलीलाही नाही.

तुमच्याकडे गुरुवारची सुट्टी असेल, तर बुधवारी संध्याकाळी गाड्या गेल्यानंतर केबिनमध्ये बसून बोला. दुसरा दिवस मोकळा मिळाला की माणूस रागाच्या भरात काही बोलून बसत नाही. त्याच रात्री ईमेल पाठवा, कारण नोटीस त्या तारखेपासून मोजली जाईल. पगारवाढीचा विषय निघाला तर आकडा ऐकूनच घेऊ नका. एकदा आकडा ऐकलात की नंतरचा नकार हा त्या आकड्याला दिलेला नकार ठरतो. "साहेब, पैशासाठी जात नाही, शिकण्यासाठी जातोय," हे खरे कारण तुमच्याकडे आहे, तेच सांगा आणि थांबा.

नोटिशीबद्दल माझे मत स्पष्ट आहे. एका महिन्याचा पगार भरून सुटणे तुम्हाला परवडेल, पण ऑडिटच्या तोंडावर गेलात हे मालक विसरणार नाहीत. नव्या कंपनीकडे दोन महिने मागा. ती पुरवठादारांचीच गुणवत्ता पाहणारी कंपनी आहे, ऑडिट म्हणजे काय हे तिला समजावून सांगावे लागणार नाही. आणि ते थांबून मापण्याचे प्रकरण लिहून काढा, मशीनजवळ लावा, त्या मुलीकडून दुपारच्या पाळीत स्वतःसमोर करून घ्या.

धागाकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. नव्या कंपनीशी आज बोललो. ऑडिट संपेपर्यंत थांबण्यास त्यांनी मान्यता दिली आहे, आणि पुरवठादाराबाबतची विनंती ईमेलने पाठवा असे सांगितले आहे. या बुधवारी मालकांशी बोलणार आहे. त्या रात्री पाठवायच्या ईमेलचा मसुदा खाली देत आहे.

"माननीय साहेब, आज प्रत्यक्ष भेटीत सांगितल्याप्रमाणे मी गुणवत्ता अभियंता या पदाचा राजीनामा देत आहे. नियुक्तिपत्रानुसार दोन महिन्यांची नोटीस मी पूर्ण करीन आणि सर्व्हेलन्स ऑडिट होईपर्यंत कामावर हजर राहीन. माझ्याकडील कामाची यादी व ती कोणाकडे सोपवावी याबाबतची माझी सूचना आठवडाभरात आपल्यापुढे ठेवतो. ऑडिटनंतरही एखाद्या जुन्या नोंदीबद्दल विचारायचे असल्यास मला अवश्य फोन करावा. या कारखान्यात मला जे शिकायला मिळाले, त्याबद्दल मी आपला आणि वहिनींचा ऋणी आहे."

फोन करण्याविषयीचे वाक्य ठेवावे की काढावे, याबद्दल माझे मन ठरत नाही. ते मी मनापासून लिहिले आहे, परंतु तोपर्यंत मी ग्राहकाचा माणूस झालेला असेन आणि त्या फोनचा कोणी वेगळा अर्थ काढू शकेल. त्यावर आपले मत बुधवारपूर्वी मिळाले तर फार मदत होईल.

प्रतिसाद

वाक्य ठेवा, फक्त "शेवटच्या दिवसापर्यंत केव्हाही विचारावे" असे करा. त्यानंतरचे तोंडी सांगा. नव्या ठिकाणी असताना जुन्या कारखान्याच्या नोंदींवर सल्ला देत होतात असा लेखी पुरावा दोन्ही कंपन्यांच्या फाइलमध्ये नसलेलाच बरा.