‘विहित आग’ म्हणावे की ‘भाजणी’?

विचारणा (अनुवादक): कॅलिफोर्नियाच्या सिएरा नेवाडातील जंगलांवरच्या लेखाचे भाषांतर करताना ‘प्रिस्क्राइब्ड फायर’पाशी अडलो आहे. तेथील सिक्वोया आणि किंग्ज कॅन्यन राष्ट्रीय उद्यानांत १९६८ पासून मुद्दाम आग लावली जाते, कारण अनेक दशके प्रत्येक आग विझवत राहिल्याने झाडांखाली पाचोळा आणि दाट रोपटी साचली होती. मी ‘नियंत्रित आग’ लिहिले. त्यावर संपादकांनी हरकत घेतली, की ‘आग नियंत्रणात’ असे वाचले की अग्निशामक दलाचे बंबच डोळ्यांसमोर येतात.

शुद्धलेखक: ‘विहित आग’ लिहावे. ‘विहित नमुन्यात अर्ज’ सर्वांना समजतोच. शिवाय तेथे वाऱ्याचा वेग, हवेतील आर्द्रता, पाचोळ्याचा ओलावा यांच्या मर्यादा आधी लेखी ठरतात आणि त्या जुळल्या नाहीत तर काडीच ओढली जात नाही. हा अर्थ ‘नियंत्रित’मध्ये येत नाही.

रायगडकर: अर्थ पटला, परंतु ‘विहित आग’ म्हटले की मला होमकुंड आठवते. आमच्याकडे भाताच्या रोपांसाठी राब भाजतात, जाळत नाहीत. आजोबा शेण, टहाळ आणि पातेरा पसरून वर मातीचा पातळ थर देत आणि वाऱ्याच्या उलट अंगाने पेटवत, म्हणजे विस्तव धावत सुटण्याऐवजी रांगत पुढे सरके. अमेरिकेतले वनकर्मीही पुष्कळदा तसेच, वाऱ्याविरुद्ध सरकणारी आग लावतात. ‘भाजणे’ या क्रियापदात मोजमाप आहे. शेंगा भाजतात, आणि जळाल्या तर घरात बोलणी बसतात.

शुद्धलेखक: राबात जमीन भाजायची असते. येथे झाड जगवायचे आहे! ‘जंगल भाजले’ असे वाचून वाचक वणवाच समजेल. ‘भाजणी’ तर थालिपीठाची.

वनखात्यातून निवृत्त: आमच्या कागदपत्रांत ‘जाळरेषा’ हा शब्द असे. उन्हाळ्यापूर्वी ठरावीक पट्ट्यातले गवत जाळून तो मोकळा करायचा, म्हणजे पुढे वणवा आलाच तर तेथे अडतो. मात्र तो केवळ पट्टा असतो. सिक्वोया या महाकाय वृक्षाला आग झाडांखालूनच जायला हवी असते. तिच्या धगीने शंकू वाळून उघडतात आणि पाचोळा जळून उघड्या पडलेल्या मातीत बी रुजते, तर जाड सालीमुळे जुने झाड सहसा तगते. तेव्हा ‘जाळरेषा’ येथे चालणार नाही.

अनुवादक: आभारी आहे. लेखात ‘सूचिपर्णी वनांसाठी विहित आग’ असे लिहिले तर चालेल का?

वनखात्यातून निवृत्त: सिक्वोयाची पाने सुईसारखी नसतात, खवल्यांसारखी फांदीला चिकटलेली असतात. ‘शंकुधारी’ लिहा.

शुद्धलेखक: शाळेत आम्ही ‘सूचिपर्णी’च शिकलो. प्रत्येक जातीचे पान तपासून वर्गाचे नाव बदलू लागलो, तर भाषांतर कधीच पुरे होणार नाही.

रायगडकर: म्हणजे पानांच्या बाबतीत रूढी चालते आणि ‘भाजणे’ मात्र चालत नाही! कॅलिफोर्नियातले कारुक आणि युरोक हे मूळ रहिवासी टोपल्यांसाठी हेझलचे सरळ, लवचीक कोंब मिळावेत म्हणून पिढ्यान्‌पिढ्या त्या झुडपांना आग लावत आले. तेथे लेखी मर्यादापत्रक नव्हते. त्या आगीलाही ‘विहित’च म्हणणार का?

शुद्धलेखक: ‘विहित’ आणि ‘विधी’ यांचा धातू एकच आहे, तेव्हा परंपरेने घालून दिलेलेही विहितच ठरते.

रायगडकर: मग होमकुंडच की!