वाचलं तसं बोललो आणि फसलो : तुमचेही किस्से टाका

मंडळी, आपल्याला देवनागरीची सवय, लिहिलंय तेच बोलायचं. त्या सवयीने इंग्रजीत जिथे जिथे तोंडघशी पडलात ते इथे लिहा. नाइफ आणि सायकॉलॉजी नकोत, ते शाळेतच झाले, जरा अडगळीतले शब्द काढा.

माझ्यापासून सुरुवात. वकिलीचं पहिलं वर्ष, सिनियरना निकाल वाचून दाखवत होतो, त्यात एका न्यायमूर्तींच्या आधी शब्द आला पी यू आय एस एन ई. मी ठणकावून, 'पुइस्ने जज'. सरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला आणि म्हणाले, 'प्यूनी'. हायकोर्टात मुख्य न्यायमूर्ती सोडून बाकीचे सगळे प्यूनी. मूळ जुन्या फ्रेंचमधलं, नंतर जन्मलेला म्हणजे धाकटा, आणि मरतुकड्याला आपण प्युनी म्हणतो तो याचाच सख्खा भाऊ. घरी आईला सांगितलं तर ती म्हणे, प्यून पण जज होतो का रे?

खारावारा
प्यून जज, हाहाहा. माझं ऐका. मर्चंट नेव्हीत कॅडेट, पहिलंच जहाज, क्रू लिस्टवर वाचलं बोटस्वेन, म्हणजे डेकवरच्या खलाशांचा मुकादम. आमचा हा माणूस रत्नागिरीकडचा, जुने खलाशी त्याला सारंग म्हणायचे. मी डेकवर जाऊन अदबीने 'बोटस्वेन साहेब' अशी हाक मारली, त्याने मागे वळून बघितलं की अजून कोण आलंय. मग हातातला दोर खाली ठेवून म्हणाला, 'बोसन म्हण नायतर सारंग म्हण, ह्ये मधलं काय?' पुढे कळलं की फोरकॅसल (जहाजाचा पुढचा भाग) लिहायचं आणि फोक्सल बोलायचं, गनवेल (बोटीची वरची कड) लिहायचं आणि गनल बोलायचं. निम्मी अक्षरं बहुतेक वाऱ्यानेच उडवली असावीत.

पाऊसवेडी
कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये पहिल्या पावसावर कविता, शीर्षक मी वाचलं 'पेट्रिचोर'. मागच्या बाकांवरून 'पेट्रोलचोर' सुरू झालं ते डिग्री मिळेपर्यंत. पेट्रिकॉर आहे हो ते. 1964 मध्ये ऑस्ट्रेलियातल्या दोन शास्त्रज्ञांनी घडवलेला शब्द, ग्रीक पेट्रा म्हणजे दगड आणि आयकॉर म्हणजे देवांच्या नसांतून वाहतं ते. मृद्गंध हाताशी होता की, पण तेव्हा इंग्रजी झाडायची खाज.

हिशोबी
बाबांनी एफडीवर कर्ज काढलं, काउंटरवरचा पोरगा म्हणाला, 'काका, लायन मार्क होईल.' घरी येऊन बाबा पावतीवर सिंहाचा शिक्का शोधत बसले, उलटी करून पण बघितली. लीन किंवा लीअन, एवढंच. सातबाऱ्यावर बोजा चढतो ना, तोच प्रकार.

गोठ्यातला
उच्चाराचा नाही, अर्थाचा किस्सा चालेल का? 2017 मध्ये शशी थरूरांनी ट्विटरवर 'फरागो' टाकला तेव्हा मीपण डिक्शनरी उघडली. अर्थ खिचडी, सावळागोंधळ, पण लॅटिनमध्ये मूळ अर्थ गुरांसाठी धान्यं मिसळून केलेला चारा. आजी शेजारी शेंगा फोडत होती, तिला सांगितलं तर मान वर न करता, 'आंबोण की मग.' अख्खा देश डोकं खाजवत होता आणि हिचं झालं पण.

खारावारा
आजीला दंडवत.

ओहायोकर
मी इलेक्ट्रॉनिक्सवाला. पुण्यात चार वर्षं सोल्डर म्हणालो, इथे लॅबमध्ये पहिल्याच दिवशी 'सोल्डर कुठे आहे' विचारलं तर समोरचा नुसता बघत राहिला, मग मी हाताने करून दाखवलं तेव्हा म्हणाला, 'ओह, सॉडर!' अमेरिकेत एल गिळतात, ब्रिटिश बोलतात, म्हणजे चूक माझी नव्हती, तरी त्या दिवशी घाम फुटलेला. आता जिभेला सॉडरच बसलंय. परवा आईला फोनवर म्हणालो, आज दिवसभर सॉडरिंग केलं. ती घाबरून, 'काय सोडलंस? नोकरी?'